‘स्वामित्वधन’ : जबलपूर परिसरातील खनिज-हक्काचा अर्थेतिहास

२५ ऑक्टोबर १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने इंडिया सिमेंट विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणाचा निर्णय दिला. चुनखडी काढणाऱ्या कंपनीकडून मिळणाऱ्या रॉयल्टीवर राज्याला आणखी उपकर बसविता येतो काय, एवढाच वादविषय होता. निर्णयाच्या ओघात मात्र ‘रॉयल्टी हा कर आहे’ अशा आशयाचे एक वाक्य लिहिले गेले. हे वाक्य बरोबर की चूक, आणि मुळात न्यायमूर्तींना ते तसेच लिहावयाचे होते की टंकलेखनात एखादा शब्द गळाला, हा वाद पुढे सुमारे पस्तीस वर्षे चालला. खनिजसंपन्न राज्यांचा महसूल, सिमेंट, पोलाद आणि कोळसा उद्योगांचे हिशेब आणि संघराज्यातील अधिकारांची वाटणी या सर्व गोष्टी त्या एका वाक्याला टांगलेल्या राहिल्या. २५ जुलै २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने ते विधान रद्द ठरविले.

शब्दार्थाचा निर्णय लागावयास इतका काळ का लागावा, हा प्रश्न विधिज्ञांइतकाच वाङ्मयाच्या अभ्यासकांचाही आहे. त्याचा शोध घेण्यास जबलपूरसारखे स्थळ क्वचितच मिळेल. कलचुरींची राजधानी त्रिपुरी, म्हणजे आजचे तेवर, जबलपूरच्या पश्चिमेस भेडाघाटच्या वाटेवर आहे. १७८१ ते १८१७ या काळात हा प्रदेश प्रथम सागरच्या व नंतर नागपूरच्या मराठ्यांच्या ताब्यात होता. पुढे तो इंग्रजांच्या मध्य प्रांतात आला, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून येथे मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय आहे. ताम्रपट, सनदा, जमाबंदीचे कायदे आणि न्यायनिर्णय असे चार प्रकारचे दस्तऐवज एकाच भूमीविषयी लिहिले गेले, आणि जमिनीच्या पोटात जे आहे ते कोणाचे, या प्रश्नाला प्रत्येकाने आपापल्या भाषेत उत्तर दिले.

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीतील ‘रॉयल्टी’ या शब्दाच्या मुळाशी राजा आहे. परंतु ज्या देशातून तो आपल्याकडे आला त्या इंग्लंडात खाणीच्या व्यवहारात राजाचा वाटा फार थोडा होता. १५६८ च्या प्रसिद्ध खाण-खटल्यात सोन्याचांदीच्या खाणी राजाच्या ठरल्या. कोळसा, लोखंड, चुनखडी मात्र जमीनदाराकडेच राहिली. जमीनदार खाण भाड्याने देई, आणि काढलेल्या प्रत्येक टनामागे त्याला जे मिळे त्यालाही ‘रॉयल्टी’च म्हणत. राजाच्या नावाचा शब्द अशा रीतीने खाजगी मालकाच्या वसुलीला चिकटला. कोळशावरील ही खाजगी मालकी राष्ट्राच्या ताब्यात घेण्यास ब्रिटिश संसदेला १९३८ चा कायदा करावा लागला. लेखकाला पुस्तकाच्या खपावर मिळणाऱ्या रकमेसाठी हाच शब्द वापरला जातो, तोही मालकीच्याच अर्थाने. लेखकाने आपली मालमत्ता दुसऱ्याला उपभोगासाठी दिली आणि उपभोगाच्या प्रमाणात मोबदला घेतला, अशी त्यामागील कल्पना आहे.

भारतीय भाषांत हा शब्द आणताना अनुवादकांनी राजाला वगळले. हिंदीतील केंद्रीय कायद्यात ‘स्वामिस्व’ आला, मराठी शासनव्यवहारात ‘स्वामित्वधन’ रूढ झाला. राजधन, राजभाग, राजस्व असे शब्द हाताशी असताना ते टाळून स्वामीचा, म्हणजे मालकाचा, शब्द निवडणे हा एक अर्थनिर्णयच होता. २०२४ मध्ये न्यायालय ज्या निष्कर्षाला पोहोचले तो परिभाषाकारांनी कितीतरी आधी, कोणताही गाजावाजा न करता, घेतला होता असे म्हणता येईल. पण त्यांच्या निवडीत एक गुंता राहिला. ‘स्वामी’ या शब्दाचा अर्थ मालक, तसाच राजाही. कौटिल्याच्या सप्तांग राज्यात पहिले अंग स्वामीच आहे. दाराबाहेर काढलेला राजा मागच्या दाराने पुन्हा आत आला. हा गुंता केवळ शाब्दिक नाही. खनिजावर शासनाचा हक्क सत्ताधीश म्हणून आहे की मालक म्हणून, हा मूळ प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्राचीन शास्त्रकारांनाही या प्रश्नाचे एकच उत्तर मान्य नव्हते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पुरातन निधी आणि भूमीतील धातू यांचा अर्धा भाग राजाला सांगितला आहे, आणि त्याची दोन कारणे शेजारी शेजारी ठेवली आहेत : राजा रक्षण करतो, आणि तो भूमीचा अधिपती आहे. रक्षणाचा मोबदला म्हणजे कर. आधिपत्याचा वाटा म्हणजे स्वामित्व. दोन्ही कारणे एकाच श्लोकार्धात सामावली गेल्याने भाष्यकारांना भरपूर काम मिळाले. याच्या उलट मीमांसकांची भूमिका. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करावयाचे असते, तेव्हा सार्वभौम राजाने पृथ्वी दान करावी काय, असा प्रश्न जैमिनीच्या सहाव्या अध्यायात येतो. उत्तर नकारार्थी आहे, कारण भूमी सर्वांची आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात राजाच्या भूस्वामित्वाच्या या वादाचा सविस्तर परामर्श घेतला आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ‘राजा खनिजाचा मालक असतो हीच भारतीय परंपरा’ असे सरसकट विधान टिकत नाही.

शास्त्रापेक्षा दानपत्रे अधिक बोलकी आहेत. वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेले कलचुरि-चेदी लेखांचे संकलन १९५५ मध्ये आणि वाकाटक लेखांचे १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही खंड शेजारी ठेवून वाचले की एक भेद लक्षात येतो. विदर्भातील वाकाटकांच्या दानपत्रांत ग्रामाला मिळणाऱ्या सवलतींची यादी बहुधा नकाराच्या भाषेत येते. मीठ खणण्याविषयीचा राजाधिकार त्या गावापुरता सोडून दिलेला असतो. त्याच पत्रांत निधी आणि उपनिधी मात्र ‘सह’ दिलेले असतात. त्रिपुरीच्या कलचुरींच्या अकराव्या-बाराव्या शतकांतील दानपत्रांत यादी होकारार्थी आहे. गाव आंबा आणि मोहाच्या झाडांसह, खड्डे आणि उखर जमिनीसह, मिठाच्या खाणीसह, गायरानासह दिले जाते. जो ‘यापासून मुक्त’ असे लिहितो तो आपला एक अधिकार थांबवितो. ‘यासह’ लिहिणारा आपल्याजवळची वस्तू हस्तांतरित करतो. पहिल्या भाषेत राजा सत्ताधीश आहे, दुसऱ्या भाषेत मालक. करमाफी आणि मालमत्तेचे दान हा आधुनिक विधिशास्त्रातील भेद उपसर्गांच्या रूपाने या दोन राजवंशांच्या लेखनिकांना अवगत होता.

अर्थात साचेबंद मजकुरावर फार भार टाकता येत नाही. त्रिपुरीचा परिसर मिठाच्या खाणींसाठी कधी प्रसिद्ध नव्हता. तेथे विपुल होते ते चुनखडी, संगमरवर आणि लोहखनिज. ‘सलवणाकर’ हे पद लेखनिकाच्या तोंडी बसलेले असावे, भूमीवर ते सापडावे अशी अपेक्षा दाता-ग्राहक दोघांचीही नसावी. तरीही साचा कोणत्या बाजूने ओतलेला आहे याला महत्त्व उरतेच.

मराठी सनदांत हा भेद अधिक स्पष्ट होतो. इनाम गाव देताना सनदेत दोन स्वतंत्र वाक्खंड येतात. एक ‘कुलबाब कुलकानू’, त्याला जोडून हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी, म्हणजे आजचे आणि पुढे बसतील ते सर्व कर. दुसरा जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांची मालिका. पहिला वाक्खंड फारसी महसुली परिभाषेतला आहे, दुसरा संस्कृत दानपरंपरेतला. पहिल्याने राज्याची वसुली दिली जाते, दुसऱ्याने भूमीचे अंगभूत द्रव्य. पेशवे दफ्तरातील कारकुनाने हे दोन्ही खंड कधी एकमेकांत मिसळले नाहीत. ज्या सनदेत पहिलाच खंड असे तिने केवळ महसूल दिला की जमीनही दिली, हा वाद इंग्रजी न्यायालयांत पिढ्यान्‌पिढ्या चालला. आणि दुसरा खंड सापडला की इनामदाराचा वकील त्यावर बोट ठेवी. भाषाभेद हा येथे अर्थभेदाचा आधार झाला आहे. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाने या द्विभाषिक सूत्राकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते तितके दिलेले नाही.

‘पाषाण’ या पदात दगड आला. त्यात मँगनीज, बॉक्साइट, कोळसा येतो काय? अठराव्या शतकातील लेखनिकाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. विसाव्या शतकात तो पडला आणि लंडनला गेला. बंगालमध्ये १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदार भूगर्भाचेही मालक झाले, असे न्यायालये मानू लागली होती. त्यांनी दिलेल्या कायम पट्ट्यांत ‘मै हक हुकूक’, म्हणजे सर्व हक्कांसह, असे फारसी शब्द असत. पट्टेदार म्हणू लागले की सर्व हक्कांत कोळसाही आला. १९१७ मध्ये गिरिधारी सिंह विरुद्ध मेघलाल पांडे या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने निर्णय दिला की, या शब्दांनी दानाचा विस्तार वाढत नाही. खनिज स्पष्ट शब्दांनी दिलेले नसेल तर ते दात्याकडेच राहते. ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ सर्व होत नाही, हा निष्कर्ष भाषेच्या अभ्यासकाला विचित्र वाटेल. न्यायालयाचा तर्क वेगळा होता. पट्टा उपभोगासाठी असतो, आणि खाणीचा उपभोग वस्तू नष्ट करूनच घेता येतो. एवढी मोठी गोष्ट मोघम शब्दांच्या पोटात गृहीत धरता येणार नाही.

खनिज-हक्काच्या स्वरूपाचे मर्म येथे आहे. शेत खंडाने दिले तर पीक काढून शेत परत येते. खाण दिली तर परत येतो तो खड्डा. लॉर्ड केर्न्स यांनी १८७३ मध्ये गोवन विरुद्ध क्रिस्टी या स्कॉटिश खटल्यात म्हटले होते की, खाणीचा पट्टा हा वस्तुतः जमिनीच्या एका भागाची विक्रीच असतो. असे असेल तर रॉयल्टी ही किंमत ठरते, भाडे नव्हे. परंतु रामगढच्या राजांच्या प्रकरणात १९४३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने रॉयल्टीला प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्न मानले, आणि १९७९ च्या तारकेश्वर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्टा हा मालमत्ता-हस्तांतरण कायद्याच्या अर्थाने पट्टाच असल्याचे ठरविले. मराठीत ‘खंड’ हा शब्द तयार असूनही तो रॉयल्टीला कोणी लावला नाही. शेतकऱ्याच्या भाषेत खंड परत परत येतो. त्याला दरवर्षीचा पाऊस गृहीत असतो. भाषेच्या या अबोल नकाराला विधिशास्त्राच्या ग्रंथांइतकेच मोल द्यावयास हवे.

मध्य प्रांतात बंगालचा मार्ग चोखाळला गेला नाही. १८६१ मध्ये प्रांत स्थापन झाल्यावर मालगुजारांना गावाची मालकी मिळाली, पण भूगर्भ इंग्रज सरकारने आपल्याकडे ठेवला. १८८१ च्या जमीन महसूल कायद्याने जमाबंदीच्या कागदांत किंवा दानपत्रात स्पष्टपणे दिलेले नसेल तर सर्व खाणी व खनिजे सरकारची समजावीत, असा नियम घातला. १९१७ च्या कायद्यात व पुढे १९५९ च्या मध्य प्रदेश भूमी महसूल संहितेच्या २४७ व्या कलमात तोच कायम राहिला. जबलपूर-सिहोऱ्यापासून कटनीपर्यंतच्या टापूत, जो १९९८ मध्ये कटनी वेगळा होईपर्यंत एकाच जिल्ह्यात होता, चुनखडी आणि बॉक्साइटच्या खाणी या नियमाखाली वाढल्या. नांगराच्या फाळाखालची जमीन मालगुजाराची आणि सुरुंगाखालची सरकारची, अशी भूमीची आडवी फाळणी झाली. कलचुरींच्या ‘सह’ आणि मराठ्यांच्या ‘पाषाण, निधी, निक्षेप’ यांची यादी एका ‘स्पष्टपणे दिलेले नसेल तर’ने उलटी झाली. पूर्वी दाता जे देई ते मोजून सांगे, आता जे मोजून सांगितले नाही ते सारे राज्याचे.

स्वातंत्र्यानंतर मालकी-हक्क निर्मूलनाचा १९५० चा मध्य प्रदेश अधिनियम आला. त्या वेळचा मध्य प्रदेश म्हणजे नागपूर राजधानी असलेले, मराठी-हिंदी द्विभाषिक राज्य. ३१ मार्च १९५१ रोजी इस्टेटी, महाल आणि दुमाला जमिनींतील हक्क राज्याकडे आले. कोणकोणते, याची चौथ्या कलमातील यादी वाचताना जुन्या दानपत्राची आठवण यावी : लागवडीची व पडीक जमीन, गवताळ रान, झाडे, मासेमारी, विहिरी, तळी, पाणवाटा, हाट, बाजार, मेळे. ताम्रपटातील गावच पुन्हा एकदा, या वेळी उलट दिशेने, दिले जात आहे. यादीच्या शेवटी भूगर्भ येतो आणि तेथे कायदाकाराची लेखणी थोडी अडखळते. खाणी व खनिजे यांतील हक्क, ‘काही असल्यास’, मग त्या खाणी चालू असोत वा नसोत. ‘काही असल्यास’ या दोन शब्दांत सत्तर वर्षांचा इतिहास आहे. मालगुजाराकडे खनिजाचा हक्क होता हे कबूल करावयाचे नाही, आणि एखाद्याकडे तो निघालाच तर तोही सुटू द्यावयाचा नाही.

या कायद्यामुळे झालेल्या खटल्यांनी ‘जमिनीतून उद्भवणारा लाभ’ या संकल्पनेची घडण केली. मालगुजारांनी निर्मूलनापूर्वी तेंदूपत्ता, लाख, लाकूड यांचे ठेके देऊन ठेवले होते. छोटाभाई जेठाभाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे ठेके केवळ मालाच्या विक्रीचे करार मानले. जमिनीशी त्यांचा संबंध नाही, म्हणून ते राज्यावर बंधनकारक राहतात, असा त्याचा अर्थ झाला. १९५८ मध्ये शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हे प्रकरण आले. जमीनदार पतीने पत्नीला १९४८ मध्ये २६,००० रुपयांस जंगलातील लाकूड तोडण्याचा हक्क नोंदणी न केलेल्या कागदाने दिला होता. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी या प्रकरणात वेगळे निर्णयपत्र लिहिले. जे झाड जमिनीतून पोषण घेत राहणार ते स्थावर, आणि जे लगेच तोडावयाचे ते लाकूड, असा त्यांचा विवेक आहे. इंग्रजी विधिगद्याच्या अभ्यासकाला बोस यांचे छोटे, स्वच्छ वाक्य परिचयाचे आहे. या निर्णयात ते विशेष खुलले आहे. खनिजाला पोषण लागत नाही, म्हणून खणून बाहेर येईपर्यंत त्याच्या स्थावरपणाला बाधा येत नाही, हे त्या तर्काचे पुढचे पाऊल ठरते.

१९५९ मध्ये महादेव विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात छोटाभाईंचा निर्णय बाजूला ठेवण्यात आला. दीर्घ काळ जंगलात शिरून उत्पन्न घेण्याचा हक्क हा जमिनीतील हितसंबंधच आहे, म्हणून तोही निर्मूलनात राज्याकडे गेला. हा निर्णय लिहिणारे न्या. मोहम्मद हिदायतुल्ला १९५४ पासून नागपूरचे आणि १९५६ मध्ये न्यायालय जबलपूरला आल्यावर तेथील पहिले मुख्य न्यायाधीश होते. प्रतिवादी ‘मुंबई राज्य’ असण्याचे कारणही तेच वर्ष. विदर्भ त्या राज्यात गेला आणि जुन्या मध्य प्रदेशाचे दावे दोन नव्या राज्यांत विभागले गेले. नागपूरच्या वकीलवर्गाला त्या वर्षी राजधानी आणि मुख्य न्यायासन दोन्ही गमवावे लागले. परंतु मालगुजारी कायद्याचे तेथे घडलेले ज्ञान न्यायाधीशांबरोबर जबलपूरला आणि दिल्लीला गेले. पुढे १९६९ मध्ये, भारताचे सरन्यायाधीश असताना, हिदायतुल्ला यांनीच बैजनाथ केडिया प्रकरणात १९५७ च्या केंद्रीय खाण कायद्यापुढे राज्याच्या अधिकाराला किती जागा उरते याचा निर्णय लिहिला.

जागा थोडीच उरली होती. रॉयल्टीचा दर केंद्र ठरवी, रक्कम राज्याला मिळे, आणि दर पुरेसा वाढत नाही अशी राज्यांची तक्रार असे. म्हणून राज्यांनी रॉयल्टीवर उपकर बसविण्यास सुरुवात केली. मध्य प्रदेशाने १९८२ च्या कराधान अधिनियमाने विकास उपकर लावला. हिरालाल रामेश्वर प्रसाद या प्रकरणात २८ मार्च १९८६ रोजी जबलपूरच्या खंडपीठाने, कार्यकारी मुख्य न्यायाधीश न्या. जे. एस. वर्मा यांच्या निर्णयाने, तो राज्याच्या अधिकाराबाहेरचा ठरविला. इंडिया सिमेंटच्या निर्णयात या जबलपूरच्या निर्णयाचा संमतीने उल्लेख आहे. त्या सात न्यायाधीशांत स्वतंत्र सहमतीपत्र लिहिणारे न्या. ओझा हेही जबलपूरचे माजी मुख्य न्यायाधीश होते.

आता त्या वाक्याकडे. न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या निर्णयातील ३४ व्या परिच्छेदात प्रथम रॉयल्टीला कर म्हटले आहे, आणि ‘म्हणून’ रॉयल्टीवरील उपकर हा रॉयल्टीवरील कर असल्याने राज्याच्या कक्षेबाहेर आहे असे पुढे म्हटले आहे. वाक्य नीट वाचले तर ‘म्हणून’ला आधार सापडत नाही, रॉयल्टी कर असो वा नसो, तिच्यावरचा उपकर जमिनीवरचा कर होत नाही, एवढेच प्रतिपादन निर्णयाला पुरेसे होते. १९९५ मध्ये, कोळशावरील रॉयल्टीच्या वाढीबाबत मध्य प्रदेश राज्यच अपीलकर्ता असलेल्या महालक्ष्मी फॅब्रिक मिल्स प्रकरणात, येथे मुद्रणदोष असल्याचा मुद्दा मांडला गेला. पीठाने तो स्वीकारला नाही. १५ जानेवारी २००४ रोजी केसोराम प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक मतांनी तो स्वीकारला. बहुमताचा निर्णय लिहिणारे न्या. रमेशचंद्र लाहोटी यांनी मध्य प्रदेशाच्या उच्च न्यायालयात न्यायाधीशपद भूषविले होते. त्यांच्या मते मूळ पाठ ‘रॉयल्टीवरील उपकर हा कर आहे’ असा असावयास हवा होता, आणि ‘वरील उपकर’ एवढा भाग गळाला.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रसंग ओळखीचा वाटेल. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या आदिपर्वाची आवृत्ती १९३३ मध्ये पूर्ण करताना वि. स. सुकथनकरांनी हस्तलिखितांचा आधार नसलेली दुरुस्ती जवळजवळ वर्ज्य मानली होती. अर्थ सुलभ होतो म्हणून पाठ बदलू नये, हा त्यांचा दंडक. केसोराममधील दुरुस्ती ही नेमकी निराधार कल्पित दुरुस्ती आहे. तिच्या पाठीशी दुसरी प्रत नाही, केवळ आगेमागेचा संदर्भ आहे. शिवाय लेखकांपैकी सात जण मोठ्या पीठाचे आणि संपादक पाच जण लहान पीठाचे. परिणामी दोन्ही पाठ एकाच वेळी प्रचलित राहिले, आणि ३० मार्च २०११ रोजी प्रश्न नऊ न्यायाधीशांकडे सोपवावा लागला. केसोरामचा निष्कर्ष योग्य होता. त्याची पद्धत मात्र सुकथनकरांच्या शिष्याला मान्य होणार नाही.

प्रश्न प्रलंबित असतानाच ८ जुलै २०१३ रोजी थ्रेसिअम्मा जेकब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मलबारच्या जन्मी जमीनमालकांच्या बाजूने निर्णय दिला. भूगर्भातील सर्व संपत्ती राज्याची, असे सांगणारा कोणताही सर्वसाधारण कायदा भारतात नाही. वैध मार्गाने काढून घेतलेली नसेल तर भूगर्भाची मालकी जमिनीच्या मालकीमागून जाते. राज्य मालक नसेल तर त्याने रॉयल्टी कशाची घ्यावी, हा पुढचा प्रश्न उभा राहिला. तो नऊ न्यायाधीशांपुढे असल्याने न्यायालयाने मोकळा सोडला. खाजगी व्यक्तीच्या मालकीचे खनिज ही कल्पना १९६० च्या खनिज सवलत नियमांतही होती, त्यासाठी स्वतंत्र प्रकरण होते. ते फारसे कोणी वाचीत नसे.

२०२४ चा बहुमताचा निर्णय सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी लिहिला. रॉयल्टी म्हणजे खनिज-हक्काच्या उपभोगासाठी पट्टेदाराने पट्टा देणाऱ्यास द्यावयाचा कराराधिष्ठित मोबदला. थकबाकी महसुलाप्रमाणे वसूल होते म्हणून ती कर ठरत नाही. पट्टा देणारा राज्य असेल किंवा खाजगी मालकही असेल. ‘कुलबाब कुलकानू’ आणि ‘पाषाण, निधी, निक्षेप’ हे दोन वाक्खंड पुन्हा वेगळे झाले. खनिज-हक्कांवर कर बसविण्याचा राज्यांचा अधिकारही त्याच निर्णयाने मान्य झाला, म्हणजे राज्याला मालकाचा मोबदला आणि राजाचा कर दोन्ही घेता येतील. न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी मात्र भिन्नमतपत्रात रॉयल्टीचे स्वरूप कराचेच असल्याचे प्रतिपादन केले. १४ ऑगस्ट २०२४ च्या आदेशाने १ एप्रिल २००५ पूर्वीच्या व्यवहारांवर मागणी करण्यास मनाई झाली, २५ जुलै २०२४ पूर्वीच्या मागण्यांवरील व्याज आणि दंड माफ झाला, आणि थकबाकी १ एप्रिल २०२६ पासून बारा वर्षांच्या हप्त्यांत विभागली गेली.

स्वामित्व सिद्ध झाले. स्वामी कोण, हे जबलपूरपुरते १८८१ मध्येच ठरले होते. थ्रेसिअम्मा जेकब यांचा न्याय सिहोऱ्याच्या शेतकऱ्याला मिळत नाही, कारण मलबारमध्ये जे कलम नव्हते ते येथे आहे. २४७ व्या कलमाखाली पृष्ठभागाची जमीन खाणीसाठी वापरली गेली तर त्याला मिळते ती नुकसानभरपाई. नुकसान एकदाच मोजले जाते. स्वामित्वधन टनागणिक चालू राहते. २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, आणि पट्टेदाराने रॉयल्टीच्या प्रमाणात, जुन्या पट्ट्यांसाठी तीस आणि लिलावाच्या पट्ट्यांसाठी दहा टक्के, रक्कम खाणबाधितांसाठी देण्याची व्यवस्था झाली. ती रॉयल्टीहून वेगळी, तिच्यावर वाढवून दिलेली रक्कम आहे. बाधित व्यक्ती तिची लाभार्थी आहे, भागीदार नाही.

मंडला-दिंडोरीच्या टेकड्यांतील अगरिया तर या कोणत्याच यादीत नव्हते. मातीच्या छोट्या भट्टीत लोखंड गाळणाऱ्या या जमातीवर व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ मध्ये ग्रंथ लिहिला. लोहासुर हे त्यांचे दैवत. खनिज त्याच्याकडून येते अशी त्यांची श्रद्धा. इंग्रजी अमदानीत त्यांच्याकडून प्रत्येक भट्टीमागे पट्टी घेतली जाई. ती त्यांनी गाळलेल्या लोखंडाच्या वजनावर नव्हती, भट्टीवर होती; भट्टी पेटली की पट्टी देणे आले, मग लोखंड किती का निघेना.